निवृत्तीनंतर परदेशी सेवा : निघण्यापूर्वी समजून घेऊ या



गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. आपल्या कामाची माहिती द्यायला एखाद्या मंडळीत गेले की उपासनेनंतर साठीच्या आसपासचे एखादे जोडपे हमखास थांबते. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले असतात, कुणी मिशन हॉस्पिटलात सिस्टर होत्या, कुणी एसटीत किंवा रेल्वेत होते. मुले मार्गी लागलेली असतात. ते म्हणतात, "ताई, आता आमचे हात मोकळे आहेत. तब्येत बरी आहे, पेन्शन आहे. आम्हांला परदेशात मिशनरी म्हणून जाता येईल का?"

हा प्रश्न ऐकला की आनंद होतो आणि थोडी काळजीही वाटते. आनंद अशासाठी, की निवृत्ती म्हणजे विश्रांतीच, असे न मानणारे लोक आजही आपल्या मंडळ्यांमध्ये आहेत. काळजी अशासाठी, की परक्या देशात घाईने केलेल्या चांगल्या कामाची किंमत पुष्कळदा जाणाऱ्याला मोजावी लागत नाही. ती तिथे राहणाऱ्यांना मोजावी लागते. जाणारा वर्षभराने विमानात बसून घरी येतो, तिथला माणूस तिथेच राहतो. म्हणून या अंकात हा विषय जरा सविस्तर मांडत आहे.

ज्येष्ठ मिशनरी जोडपे म्हणजे कोण?

मिशनरी म्हटले की तरुणपणी जहाजाने आलेले आणि सारे आयुष्य इथे घालवलेले लोक आपल्याला आठवतात. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये आले, मिरजेला त्यांनी रुग्णालय उभे केले आणि १९२८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४० वर्षे, ते इथे राहिले. ज्येष्ठ जोडप्याची सेवा याहून वेगळी असते. नोकरी-व्यवसाय पुरा झालेला असतो, मुले मोठी झालेली असतात, आणि पती-पत्नी काही महिने किंवा दोन-तीन वर्षे, ठरावीक कामासाठी, बहुधा स्वतःच्या खर्चाने जातात. मुदत संपली की परत येतात.

अशी एक अतिशय पद्धतशीर व्यवस्था अमेरिकेतील लॅटर-डे सेंट्स या मंडळीने उभारली आहे. लोक त्यांना मॉर्मन म्हणून ओळखतात आणि त्यांचे मुख्यालय युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी येथे आहे. त्यांच्या आणि आपल्या विश्वासात मोठे फरक आहेत. तो आजचा विषय नाही, पण व्यवस्था पाहण्यासारखी आहे. निवृत्त पती-पत्नी साधारण ६ ते २३ महिन्यांसाठी जातात. खर्च त्यांचा त्यांनी करायचा असतो. दारोदार फिरणे हे तरुणांचे काम. ज्येष्ठांकडे कार्यालय सांभाळणे, आरोग्याचा सल्ला, मदतकार्य, जुन्या नोंदी जपणे आणि घरापासून दूर असलेल्या तरुण मुलामुलींना आधार देणे, अशी कामे येतात. घरच्या आजी-आजोबांचे जे काम, तेच इथे मिशनमध्ये.

चर्चच्या बाहेरचे एक उदाहरण तर आपल्या मुंबईचेच आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर या विधवा परिचारिका होत्या. १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या पीस कोअर या संस्थेतर्फे भारतात आल्या आणि विक्रोळीला राहून त्यांनी आरोग्यसेवा केली. त्या वेळी त्यांचा मुलगा काही राष्ट्राध्यक्ष नव्हता. एक वयस्क बाई, अनोळखी देश आणि दवाखान्याबाहेरची रांग, एवढेच होते.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना हे नवे नाही. हारान सोडताना अब्राम ७५ वर्षांचा होता आणि सारय त्याच्याबरोबर होती. कालेबाने डोंगराळ प्रदेश मागितला तेव्हा तो ८५ वर्षांचा होता. पण जोडप्यांनी अभ्यास करावा तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांचा. त्यांचे वय शास्त्रात दिलेले नाही, पण परक्या गावात पती-पत्नीने मिळून सेवा कशी करावी, हे त्यांच्याकडून शिकता येते. नव्या करारात ही दोन नावे नेहमी जोडीनेच येतात. रोममधून निघावे लागले म्हणून ते करिंथला आले. तंबू बनवून पोट भरत होते आणि घर पौलासाठी उघडे ठेवले होते. पुढे इफिसात अपुल्लोस नावाचा वक्तृत्वसंपन्न माणूस आला. त्याच्या ज्ञानात काही उणे होते. या दोघांनी त्याला सभेत खोडून काढले नाही, बाजूला घेऊन नीट समजावले. नंतर अपुल्लोस अखयात जाऊन मोठे काम करतो, आणि ते जोडपे मागे राहते. ज्येष्ठ जोडप्याची सेवा मला यात पुरती दिसते. बोलणारा दुसरा असावा, आपण त्याच्या पाठीशी असावे.

नेपाळची गोष्ट आणि नागपूरची बैठक

आता एक खरी घडलेली हकीकत सांगते. शेजारच्या देशाची आहे आणि तिचा एक धागा नागपूरपर्यंत येतो.

१९५१ पर्यंत नेपाळात राणांची सत्ता होती. परदेशी माणसाला सहजासहजी आत जाता येत नसे. भारतातून काठमांडूपर्यंत मोटार जाईल असा रस्तादेखील नव्हता. त्या काळी मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत बॉब फ्लेमिंग नावाचे अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी शिकवत होते. त्यांच्या पत्नी बेथेल डॉक्टर होत्या. बॉब यांना पक्ष्यांचा ध्यास. १९४९ मध्ये शिकागोच्या संग्रहालयासाठी पक्ष्यांचे नमुने गोळा करायला त्यांना पश्चिम नेपाळात जाण्याची परवानगी मिळाली. बरोबर डॉ. कार्ल टेलर होते. पक्षी पाहता पाहता त्यांनी माणसे पाहिली. पाल्पा भागातल्या तानसेन गावात आणि आसपास उपचाराची सोय जवळजवळ नव्हतीच.

१९५१-५२ च्या हिवाळ्यात फ्लेमिंग पुन्हा तानसेनला गेले. या वेळी बेथेल आणि डॉ. कार्ल फ्रेडरिक्स यांचे कुटुंबही होते. काही आठवडे त्यांनी दवाखाना चालवला आणि आजारी माणसांची रीघ लागली. त्यानंतर नेपाळ सरकारकडे रीतसर अर्ज गेला. १९५३ मध्ये परवानगी मिळाली: तानसेनला रुग्णालय आणि काठमांडूच्या खोऱ्यात माता-बालकांसाठी दवाखाने.

आता कुणा एका मिशनने झेंडा रोवायचा की सगळ्यांनी मिळून जायचे, हा प्रश्न होता. तो सुटला नागपूरला. ५ मार्च १९५४ रोजी निरनिराळ्या मिशन संस्थांनी तिथे एकत्र येऊन एकच संयुक्त संस्था स्थापन केली. ती पुढे 'युनायटेड मिशन टू नेपाळ' या नावाने ओळखली जाऊ लागली. आज ७० वर्षांनंतरही ती संस्था काम करत आहे.

फ्लेमिंग पती-पत्नी त्या वेळी पन्नाशीच्या आसपास होते. भारतात त्यांचे बस्तान बसलेले होते. मसुरीची हवा, शाळा, ओळखीची माणसे सोडून ते काठमांडूला गेले. बेथेल दवाखान्यात आणि बॉब व्यवस्थेत. १९५६ मध्ये राणांचा शांता भवन नावाचा एक जुना वाडा घेऊन त्यात रुग्णालय थाटले गेले. राजघराण्यातल्या माणसांपासून डोलीतून आणलेल्या डोंगरातल्या बाईपर्यंत सगळे तिथे येत. बॉब यांचे पक्षीप्रेमही सुटले नाही. मुलगा आणि लैनसिंह वाङदेल यांच्यासह त्यांनी लिहिलेले नेपाळच्या पक्ष्यांवरचे पुस्तक १९७६ मध्ये निघाले.

या हकीकतीतल्या तीन गोष्टी मनात ठेवा. पहिली, आधी गरज पाहिली आणि मग काम ठरवले. दुसरी, सरकारची लेखी परवानगी आल्यावरच काम उभे केले. तिसरी, आपापल्या मंडळीचे नाव मागे ठेवून एका नावाने गेले.

करार आणि त्याची किंमत

नेपाळ सरकारशी या संस्थेचे जे करार झाले, त्यांत स्पष्ट होते की परदेशी कार्यकर्त्यांनी नेमून दिलेले काम करावे, धर्मांतराच्या खटपटीत पडू नये. काही वाचकांना हे खटकेल. मिशनरी आणि सुवार्ता सांगायची नाही, हे कसे?

यामागची परिस्थिती पाहावी लागेल. त्या काळी नेपाळात धर्म बदलणे हाच गुन्हा होता. १९६० मध्ये तानसेनमध्ये काही नेपाळी ख्रिस्ती लोकांना बाप्तिस्म्याच्या प्रकरणात अटक झाली आणि तुरुंगवास भोगावा लागला. एका नेपाळी पाळकांना तर त्यांच्याहून कितीतरी मोठी शिक्षा झाली. परदेशी माणसाला फार तर देश सोडायला सांगितले असते. नेपाळी माणसाला तुरुंग होता, आणि मागे घर, शेत, भाऊबंद होते. असे खटले १९९० पर्यंत चालू राहिले. त्या वर्षीच्या जनआंदोलनानंतर धर्माच्या कारणावरून कैदेत असलेल्यांची सुटका झाली.

कायदा आजही कडक आहे. २०१५ च्या संविधानात दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई आहे. २०१८ मध्ये लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, आणि दोषी परदेशी असेल तर देशाबाहेर काढण्याची तरतूद आहे.

तरीही नेपाळात आज मंडळी आहे, आणि ती नेपाळी लोकांच्या साक्षीने, नेपाळी पाळकांच्या हाताखाली वाढली. परदेशी माणसांनी जखम बांधली, बाळंतपण केले, दिलेला शब्द पाळला. कुणी आपणहून विचारले, तर तुम्ही हे का करता याचे खरे उत्तर दिले. दिलेला शब्द पाळणे हीसुद्धा साक्षच आहे.

आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनाही हेच लागू आहे. पर्यटनाच्या व्हिसावर भारतात येऊन धर्मप्रचार करता येत नाही. मिशनरी व्हिसा हा वेगळा वर्ग आहे. परदेशी पाहुण्याने पाड्यावरच्या सभेत उत्साहाने दोन शब्द बोलावेत, असा आग्रह आपल्यातले काही जण करतात. पाहुणे निघून जातात. नंतर चौकशीला तोंड द्यावे लागते ते पाड्यावरच्या कुटुंबाला. म्हणून असा आग्रह कुणी करू नये, ही विनंती.

दहा महिन्यांत काय काय लागते

कायदा कागदावर वाचता येतो. रोजचे जगणे मात्र गेलेल्या माणसाकडूनच ऐकावे लागते. माझ्या परिचयाचे एक जोडपे, मी त्यांना काका-काकू म्हणते, नेपाळच्या डोंगराळ भागातल्या एका ख्रिस्ती सेवा संस्थेत दहा महिने राहून आले. काका आयटीआयमध्ये वीजतंत्री हा विषय शिकवत असत. काकू सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या. त्यांच्याशी मी दोन-तीनदा सविस्तर बोलले. त्यातले उपयोगाचे तेवढे इथे देते.

भाषा. भारतीय नागरिकाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही, आणि नेपाळी देवनागरीतच लिहितात. त्यामुळे पहिल्या दिवशीच दुकानांच्या पाट्या वाचता येतात. "तिथंच फसायला होतं," काका म्हणाले. "वाचता येतं म्हणजे कळतं असं वाटतं." 'तँ', 'तिमी' आणि 'तपाईं' यांतला फरक मराठीतल्या तू आणि तुम्ही यांच्यापेक्षा बारीक. त्यांनी सुरुवातीचे दोन महिने रोज सकाळी एका तरुण शिक्षकाकडे शिकवणी घेतली. साठीच्या माणसाने पंचविशीच्या मुलासमोर पाढ्यासारखी क्रियापदे म्हणायची. काका म्हणतात, मिशनरी होण्याची खरी तयारी तीच.

वार आणि वर्ष. नेपाळात साप्ताहिक सुटी शनिवारी असते, म्हणून मंडळ्यांची उपासनाही बहुधा शनिवारी होते. रविवारी सगळे कामावर. सरकारी कागदांवर विक्रम संवत, म्हणजे इसवी सनापेक्षा सुमारे ५७ वर्षे पुढे. काकूंना औषधाच्या नोंदवहीत तारीख लिहायला सवय होईपर्यंत शेजारच्या सिस्टरला विचारावे लागे.

हाताखाली काम. वॉर्डाची प्रमुख काकूंच्या मुलीच्या वयाची. काकूंना ३५ वर्षांचा अनुभव. "अगं, पहिला महिना मी नुसतं बघितलं," काकू मला म्हणाल्या. "आपल्याकडे असं करतात, हे वाक्य रोज दहा वेळा ओठांवर यायचं. गिळून टाकायची. महिन्यानं ती पोरगीच म्हणाली, दिदी, तुम्ही हे कसं कराल? मग सांगितलं." प्रिस्किल्लेनेही हेच केले होते, नाही का?

शरीर. दालभात दोन्ही वेळा, तो मानवला. पण चढ-उतार गुडघ्यांना मानवले नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या तिथे वेगळ्या नावाने मिळतात, म्हणून औषधाचे मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून नेलेले कामाला आले. जवळचे मोठे रुग्णालय किती तासांवर आहे, हे त्यांनी निघण्याआधी विचारले होते. प्रत्येकाने विचारावे.

दोघांचे नाते. घरी काका दिवसभर बाहेर असत. तिथे दहा महिने एका खोलीत दोघे, आणि मराठी बोलायला तिसरे माणूस नाही. भांडणे झाली का, असे मी विचारले. दोघेही हसले. रोज संध्याकाळी प्रार्थनेआधी अर्धा तास एकमेकांशी बोलायचे आणि तेव्हा कामाविषयी बोलायचे नाही, असा नियम त्यांनी तिसऱ्या महिन्यात केला.

घर. सातव्या महिन्यात काकांची आई गेली. वय ८८, गावी धाकट्या भावाकडे होती. निरोप पोहोचला तेव्हा पावसाने रस्ता बंद होता. बस, मग रेल्वे, असे करत काका घरी पोहोचले तिसऱ्या दिवशी. मूठमाती होऊन गेली होती. हे सांगताना ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "भाऊ मला एका शब्दानं बोलला नाही. निघायच्या आधी आम्ही दोघं बसून हेच बोललो होतो, की असं झालं तर काय. आईसुद्धा होती त्या बोलण्यात. तीच म्हणाली होती, जा." आठवड्याने ते परत गेले आणि राहिलेले तीन महिने पूर्ण केले.

जाणाऱ्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्या पिढीत साठीच्या माणसाच्या डोक्यावर ऐंशी-नव्वदीतले आईवडील असतात आणि मांडीवर नातवंडे. हात मोकळे आहेत असे आपण म्हणतो, पण ते पूर्ण मोकळे कधीच नसतात. म्हणून पाचारण फक्त दोघांनी ओळखून भागत नाही. घराने मिळून ते ओळखावे लागते.

पैसा : कुणाच्या हातून कुणाच्या हाती

काका-काकूंनी प्रवास आणि राहण्याचा खर्च पेन्शनमधून केला. मंडळीने निरोप देताना जमवलेले दान त्यांनी स्वतःजवळ न ठेवता संस्थेच्या कार्यालयात जमा केले आणि पावती घेतली. तिथे कुणी उसने मागितले, तर ते एकच उत्तर देत: "आमचं सगळं कार्यालयातून होतं." सुरुवातीला हे कठोर वाटले. पण एकाला दिले की दुसऱ्याला का नाही, हा प्रश्न येतो, आणि पाहुणा गेल्यावर ते वैर गावात उरते.

उलट दिशेचेही समजून घ्या. परदेशी पाहुण्याने आपल्या संस्थेला दिलेली देणगी, रुपयांत दिली तरी, परदेशी देणगीच ठरते. ती घेण्यासाठी संस्थेची परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. प्रेमाने हातावर ठेवलेल्या नोटा संस्थेला अडचणीत आणू शकतात.

काम मागे उरते का?

ज्येष्ठ जोडप्याची मुदत थोडी असते, म्हणून कामाची परीक्षा ते गेल्यावर होते. नेपाळात ती परीक्षा झाली. शांता भवनचे काम १९८२ मध्ये पाटण रुग्णालयात गेले. त्या रुग्णालयाभोवती पुढे आरोग्यविज्ञान प्रतिष्ठान उभे राहिले आणि आज तिथे नेपाळी तरुण डॉक्टर होतात. तानसेनचे रुग्णालय आजही चालू आहे. तानसेनच्या बांधकामासाठी १९५८ मध्ये आलेले नॉर्वेचे अभियंता ऑड हॉफ्टुन आणि त्यांच्या पत्नी यांनी बुटवलला वस्ती केली. तिथे १९६३ मध्ये तंत्रशिक्षण संस्था निघाली. तिथल्या मुलांनी हातांनी काम शिकत तिनाऊ नदीवर सुमारे १ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प उभा केला, आणि तो पुढे नेपाळच्या सरकारी वीज यंत्रणेकडे सोपवला गेला. परदेशी अभियंत्यांनी सगळे स्वतः बांधले असते तर कदाचित लवकर झाले असते. पण मग नेपाळी कारागीर तयार झाले नसते.

१९४९ मध्ये फ्लेमिंग यांच्याबरोबर गेलेले डॉ. कार्ल टेलर यांचा धागा तर थेट आपल्या जिल्ह्यांत येतो. ते पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकवू लागले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे शिकले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केले. गावातल्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायांना आरोग्यसेविका केले. त्या कामाची पाहणी करायला आजवर कितीतरी देशांतून लोक आले. आणि टेलर? वयाच्या ८८ व्या वर्षी ते अफगाणिस्तानात काम करायला गेले.

परत आल्यानंतरही सेवा संपत नाही. बिशप लेस्ली न्यूबिगिन आणि हेलन यांनी तमिळ प्रदेशात अनेक दशके घालवली. १९७४ मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडला निघाले ते मिळेल त्या बसने, जमिनीच्या रस्त्याने, थोडेसे सामान घेऊन. पुढे सत्तरीत न्यूबिगिन यांनी बर्मिंगहॅममधल्या तुरुंगासमोरच्या गरीब वस्तीत एका लहानशा मंडळीचे पाळकपद घेतले. भारतात जे शिकले, ते त्यांना स्वतःच्या देशात उपयोगी पडले.

निघण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

आता जे कुणी मला विचारतात, त्यांना मी हे सहा प्रश्न घरी नेऊन, दोघांनी मिळून, लेखी सोडवायला सांगते.

१. आम्हांला तिथे कुणी बोलावले आहे? बोलावणारे तिथले लोक आहेत, की फक्त आमची इच्छा आहे?

२. आम्ही कुणाच्या हाताखाली काम करणार? त्यांचे नाव, पद आणि आमचे काम लेखी आहे का?

३. त्या देशाचा कायदा, व्हिसा आणि संस्थेचा करार आम्ही वाचला आहे का? आमच्या एखाद्या कृतीचा त्रास तिथल्या विश्वासणाऱ्यांना होईल का?

४. भाषेसाठी किती महिने देणार?

५. आजारपण, मृत्यू, लग्न, बाळंतपण अशा वेळी काय करायचे, हे आईवडील, मुले आणि भावंडांशी बोलून झाले आहे का?

६. आम्ही परतल्यावर हे काम कोण करणार, आणि त्याला आम्ही पहिल्या दिवसापासून शिकवणार आहोत का?

यातल्या दोन-तीन प्रश्नांचे उत्तर आज मिळत नसेल, तर निराश होऊ नका. परका देश नेहमी सीमेपलीकडेच असतो असे नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर पावरी आणि भिलोरी बोलतात. अहिल्यानगरच्या किंवा पुण्याच्या माणसाला ती भाषा नेपाळीइतकीच नवी आहे, आणि इथल्या घरात बसण्याची, बोलण्याची, नाही म्हणण्याची रीतही वेगळी आहे. दोन महिने इथे येऊन राहणाऱ्या निवृत्त जोडप्यांना आम्ही हेच सहा प्रश्न विचारतो. पहिला महिना पाहण्याचा. दुसऱ्या महिन्यात आमच्या आरोग्यसेविका किंवा वसतिगृहाच्या ताई त्यांना काम सांगतात.

काका सध्या अशाच एका वसतिगृहात महिन्यातून आठवडाभर येतात आणि मोठ्या मुलांना पंपाची मोटार बांधायला शिकवतात. पक्कड मुलांच्या हातात असते. ते बाजूला खुर्ची टाकून बसतात आणि विचारले तरच बोलतात.

या तिमाहीत प्रार्थनेत दोन विषय ठेवा. आपल्या मंडळ्यांतून परदेशी सेवेचा विचार करणारी जोडपी, की त्यांना योग्य बोलावणे आणि योग्य वेळ कळावी. आणि ज्या देशांत विश्वासणाऱ्यांना कायद्याची भीती आहे तिथल्या मंडळ्या, की त्यांच्याकडे जाणारा प्रत्येक पाहुणा त्यांना आधार ठरावा, ओझे होऊ नये.

प्रभूच्या सेवेत, आपली बहीण.